फ्रीज, मिक्सर यांना बसलेला वास घरच्या घरी कसा घालवावा?

तुम्ही लिहिलंय की गावाला गेला होतात, मागे लाइट गेली, फ्रीजमधली सुरमई आणि कोळंबी सडली. फ्रीज दोनदा पुसला, लिंबाच्या फोडी ठेवल्या, खायचा सोडा ठेवला, तरी दार उघडलं की भपकारा येतो. शिवाय मिक्सरच्या भांड्याला लसणाचा वास आहे, त्यात काल केलेलं मिल्कशेक फेकून द्यावं लागलं.

आमच्या अलिबागकडच्या घरात आठवड्यातून चार दिवस मासळी शिजते, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या हाताखालचा आहे. आधी एक सांगते. सगळ्या वासांना एकच औषध लावलं की असंच होतं. वास कसला आहे आणि तो कुठे बसलाय, या दोन गोष्टी कळल्या की अर्धं काम झालं.

समुद्राच्या माशाच्या अंगात एक बिनवासाचा पदार्थ असतो. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथाइल अमाइन करतात, आणि आपण ज्याला हिंवस वास म्हणतो तो बराचसा याचाच. मोरी-मुशीच्या (म्हणजे शार्कच्या) अंगात तर युरियाही भरपूर, म्हणून ती जरा जुनी झाली की थेट अमोनियासारखी नाकात जाते. हे दोन्ही अल्कधर्मी. त्यांच्यावर आंबट घातलं की त्यांचं क्षार बनतं आणि ते हवेत उडत नाहीत, म्हणजे वास येत नाही. आपल्याकडे मासे साफ केल्यावर हाताला चिंच नाहीतर आमसूल चोळतात, मासळीची कढई चिंचेच्या चोथ्याने घासतात, ते याचसाठी. खायचा सोडा स्वतःच सौम्य अल्कधर्मी. नासलेलं दूध, आंबलेलं दही, फसफसलेलं पीठ यांच्या आंबूस वासावर तो फार छान चालतो, पण मासळीवर त्याचा जोर कमी पडतो. तुमच्या सोड्याने काम का केलं नाही, त्याचं एक कारण हे.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. फ्रीज बंद पडल्यावर मासळीचं पाणी सुटतं आणि ते जिथे आपलं फडकं पोचत नाही तिथे जातं. फ्रीजच्या आत मागच्या भिंतीशी, तळाला एक पन्हळ असते आणि तिच्यात करंगळीही जाणार नाही एवढं भोक असतं. ते पाणी तिथून नळीने खाली उतरतं आणि मागच्या बाजूला कॉम्प्रेसरजवळच्या ट्रेमध्ये साठतं. कॉम्प्रेसरच्या उष्णतेने ते सुकतं, घाण मात्र तिथेच राहते आणि तापत राहते. तुम्ही आतून फ्रीज आरशासारखा चकचकीत केलात तरी हा ट्रे तसाच असेल, तर वास हटणार नाही.

तेव्हा प्लग काढा, फ्रीज भिंतीपासून पुढे ओढा आणि ट्रे बघा. सहज निघत असेल तर काढून साबणाने धुवा, मग पाण्यात निम्मं पांढरं व्हिनेगर घालून त्यात अर्धा तास बुडवून ठेवा. स्क्रूने बसवलेला असेल तर ओढाताण करू नका, मेकॅनिकला बोलवा, त्याचं हे पाच-दहा मिनिटांचं काम आहे. ट्रे परत जागेवर बसवला की मग आतल्या भोकात बिनसुईच्या सिरिंजने कोमट साबणाचं पाणी सोडा आणि मागून व्हिनेगरचं. उकळतं पाणी नको, प्लास्टिकची नळी असते. जाणारं पाणी पुन्हा ट्रेमध्येच येईल, तो शेवटी एकदा रिकामा करून घ्या.

आता आतला भाग. काचा, खण, भाजीचा ट्रे सगळं बाहेर काढून साध्या साबणाने धुवा. साबण आधी लागतोच, कारण माशाचं तेल गेल्याशिवाय आंबट आतपर्यंत पोचत नाही. मग व्हिनेगर-पाण्याने पुसा. दाराच्या रबराला घड्या असतात, त्या बोटांनी उघडून कापसाने पुसा. तिथे काळपट, चिकट काहीतरी निघेल, ते बघून तुम्हालाच कळेल वास कुठून येत होता. फ्रीजरमधला जुना बर्फ टाकून द्या, बर्फ वास ओढून घेतो. नंतर दार दिवसभर सताड उघडं ठेवून समोर पंखा लावा. घरात लहान मूल असेल तर दाराला दोरी बांधा, ते आत शिरून बसणार नाही असं बघा.

पूर्ण कोरडा झाल्यावरच फ्रीज चालू करा आणि मग आत वास शोषणारं काहीतरी ठेवा. सोडा ठेवायचाच तर पुडा उघडून ठेवण्यापेक्षा पसरट ताटलीत पातळ थर पसरा, जेवढा जास्त सोडा हवेला लागेल तेवढा उपयोग. मासळीच्या वासाला मात्र सक्रिय कोळसा (ॲक्टिव्हेटेड चारकोल) जास्त चांगला. माशांच्या टाकीचं सामान विकणाऱ्या दुकानात तो सुटा मिळतो. सुती पुरचुंडीत बांधून वरच्या खणात ठेवा, आठवडाभर राहू द्या. कॉफीची पूड लोक सुचवतात, पण ती मुख्यतः वास झाकते. आणि डांबराच्या गोळ्या फ्रीजमध्ये ठेवायला कुणी सांगितलं तर मुळीच ऐकू नका, ते विष आहे आणि अन्नात उतरतं.

एक कळकळीची विनंती. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून ओतण्याचे व्हिडिओ फिरतात. फेस छान येतो, पण दोघे एकमेकांना मारतात आणि हातात जवळपास खारट पाणी उरतं. एकामागून एक वापरा, मध्ये पुसून घ्या. ब्लीचमध्ये तर व्हिनेगर किंवा लिंबू कधीच घालू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद स्वयंपाकघरात तो जिवावर बेतू शकतो.

मिक्सरचा लसूण वेगळा. तो वास गंधकाच्या संयुगांचा, ती तेलात विरघळतात आणि रबर-प्लास्टिकमध्ये मुरतात. स्टीलच्या भांड्याला फारसा दोष नसतो, झाकणाची रिंग खरी जबाबदार. चमच्याच्या दांड्याने ती अलगद काढा, सुरी लावू नका. सोड्याची दाट पेस्ट चोळून रात्रभर ठेवा, सकाळी धुवा आणि दुपारचं कडक ऊन दाखवा. उन्हाएवढं काम दुसरं काही करत नाही, पण रोज तासन्‌तास ठेवलीत तर रबर कडक होईल. भांड्यात मूठभर कोरडे तांदूळ फिरवून पीठ करा, खोबऱ्या-लसणाच्या चटणीचं पात्याखाली बसलेलं तेल ते ओढून घेतं. पीठ टाकून द्या, मग एक तृतीयांश कोमट पाणी आणि साबणाचा थेंब घालून काही सेकंद फिरवा. भांडं तासभर पाण्यात बुडवून ठेवू नका, खालचं बुश, म्हणजे पात्याचा दांडा ज्यात फिरतो ते, खराब होतं. एवढं करूनही रिंगला वास राहिला तर नवी घ्या, आणि चटणीचं भांडं कायमचं वेगळं ठेवा.

मायक्रोवेव्ह असेल तर वाटीभर पाण्यात लिंबाच्या साली घालून तीन-चार मिनिटं लावा, वाटीत लाकडी चमचा उभा ठेवा म्हणजे पाणी एकदम उसळणार नाही. पाच मिनिटं दार बंद ठेवून मग छत पुसा, सगळे शिंतोडे तिथे असतात. ॲल्युमिनियमच्या कुकरमध्ये सोडा उकळू नका, काळा पडतो, चिंचेचं पाणी उकळा.

कोळसा ठेवूनही आठवड्याने तोच भपकारा आला तर दाराचं रबर फाटलंय का बघा. फटीतून मासळीचं पाणी आतल्या फोममध्ये मुरलं असेल, तर पुसून उपयोग नाही, नवं रबर बसवून घ्यावं लागेल आणि फोमला किती वास लागलाय ते मेकॅनिकला दाखवावं लागेल.