‘बटण दाबले जावे’, पण कोणी?

भाषा आणि व्यवहार : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची छोटी कंपनी सहकारी पतसंस्थांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर तयार करते. त्याची १४० पानांची मराठी वापरपुस्तिका आम्ही इंग्रजीवरून करून घेतली. भाषा शुद्ध आहे, चित्रेही आहेत, तरी शाखांमधले कर्मचारी ती उघडत नाहीत आणि लहानसहान गोष्टींसाठी आम्हाला फोन करतात. नमुन्यादाखल एक वाक्य पाठवतो : ‘वापरकर्त्याद्वारे इच्छित सभासदाची निवड केल्यानंतर प्रणालीद्वारे संबंधित माहिती प्रदर्शित केली जाईल, जी तपासून “सबमिट” बटण दाबले जावे, अन्यथा माहिती गमावली जाऊ शकते.’ यात काय सुधारावे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपल्या वाक्यात व्याकरणाची चूक दाखवता येणार नाही. अडचण अशी आहे की असे वाक्य मराठीत कोणी कोणाला तोंडी कधीही सांगत नाही. काउंटरवर पहिल्याच दिवशी बसलेल्या मुलीला शेजारचे जुने लेखनिक काय सांगतील, ते आठवून पाहा : ‘आधी सभासद क्रमांक टाक, नाव आले का बघ, पासबुकाशी जुळव, मग बटण दाब, आणि बटण दाबेपर्यंत विंडो बंद करू नकोस, नाहीतर सगळे पुन्हा भरावे लागेल.’ पुस्तिकेतल्या वाक्यात आणि या बोलण्यात माहिती तेवढीच आहे. मात्र बोलण्यात कोणी काय करायचे आणि कोणत्या क्रमाने करायचे हे कळते, पुस्तिकेत ते शोधून काढावे लागते.

कर्मणी प्रयोगाबद्दल माझी तक्रार नाही. ‘रस्ता दुरुस्तीसाठी बंद करण्यात आला आहे’ या वाक्यात तो कोणी बंद केला, हे वाटसरूला कळण्याची गरज नसते. पुस्तिकेत मात्र एकाच वेळी दोघे काम करत असतात, एक कर्मचारी आणि दुसरा संगणक. वाचणाऱ्याची पहिली शंका ‘हे मी करायचे की आपोआप होणार?’ हीच असते आणि ‘दाबले जावे’, ‘केली जाईल’ या रचना नेमके तेच झाकून टाकतात. मराठीत यावर सोपा उपाय हाताशी आहे. माणसाने करायची प्रत्येक गोष्ट आज्ञार्थात लिहावी : निवडा, तपासा, दाबा. संगणकाकडून होणाऱ्या गोष्टींसाठी दिसणे, उघडणे, येणे, चढणे, मिटणे अशी आपली अकर्मक क्रियापदे वापरावीत. ‘माहिती प्रदर्शित केली जाईल’ याऐवजी ‘माहिती दिसेल’ असे लिहिले की ‘प्रणालीद्वारे’ हा शब्द आपोआप गळून पडतो, आणि तो गेल्याचे कोणालाही दुःख होणार नाही.

वाक्याच्या मध्यावर लोंबकळणारी ‘जी’ हीसुद्धा इंग्रजीची सावली आहे. मराठीत संबंधी वाक्य बहुधा आधी येते : ‘जी थकबाकी दिसेल ती पासबुकाशी ताडून पाहा.’ त्याहून सोपे म्हणजे तेथे वाक्य संपवून दुसरे सुरू करणे.

क्रमाच्या बाबतीत मराठी पुस्तिकेला जन्मजात फायदा आहे आणि अनुवाद करताना आपण तो घालवून बसतो. इंग्रजी सूचनेत क्रिया सहसा आधी येते आणि जागा नंतर. मराठीत क्रियापद शेवटी असल्यामुळे ‘“पावती” मेनूतील “दुसरी प्रत” या पर्यायावर क्लिक करा’ हे वाक्य वाचताना नजर आधी मेनूकडे जाते, मग पर्यायाकडे, आणि हात हलण्याची वेळ येते तेव्हा बाण योग्य जागी पोहोचलेला असतो. याच कारणाने हेतू सर्वांत आधी यावा. ‘सभासदाला पावतीची दुसरी प्रत हवी असेल, तर’ अशी सुरुवात असली की ज्याला ती प्रत द्यायची नाही तो पुढचे चार ओळींचे वाचन वाचवून पुढे सरकतो.

आता आपले वाक्य मी असे लिहीन :

‘सभासद क्रमांक लिहून “एंटर” दाबा. सभासदाचे नाव आणि थकबाकी दिसेल. दोन्ही पासबुकाशी ताडून पाहा. पुढचे बटण दाबेपर्यंत ही नोंद किर्दीत चढत नाही, म्हणून त्याआधी विंडो बंद करू नका. सर्व बरोबर असल्यास “सबमिट” दाबा.’

(किर्द म्हणजे रोजच्या व्यवहारांची नोंदवही.) इशारा बटणाच्या आधी आला आहे, हे आपल्या लक्षात येईल. मूळ वाक्यात तो ‘अन्यथा’च्या मागे होता; तेथपर्यंत वाचणारा पोहोचतो तेव्हा विंडो कदाचित बंद झालेली असते. ‘सबमिट’ हा शब्दही मी बदललेला नाही, कारण स्क्रीनवर तोच आहे. तो न आवडल्यास आधी स्क्रीनवर बदलून घ्यावा. पुस्तिकेत ‘सादर करा’ आणि बटणावर ‘सबमिट’ असेल तर कर्मचारी अर्धा तास ‘सादर करा’ शोधत बसेल.

वाक्ये किती लांब असावीत, याबद्दल एक सावधगिरी. विमानांच्या देखभालीच्या पुस्तिकांसाठी ‘सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश’ नावाची नियमावली आहे. तिच्यानुसार कृती सांगणारे वाक्य जास्तीत जास्त २० शब्दांचे आणि वर्णन करणारे २५ शब्दांचे असावे. ही मोजपट्टी जशीच्या तशी मराठीला लावता येत नाही. आपले विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटून येत असल्यामुळे ‘इन द फाइल मेनू’ या चार शब्दांचे ‘फाइल मेनूत’ असे दोनच होतात, म्हणजे मराठीतल्या वीस शब्दांत इंग्रजीपेक्षा बराच जास्त ऐवज बसतो. कृतीच्या वाक्यासाठी बारा-तेरा शब्दांवर मी लाल रेघ ओढतो. हा माझा अंदाज आहे, शास्त्र नव्हे. एका वाक्यात एकच कृती हा नियम मात्र मी सहसा मोडत नाही.

वाक्ये सुधारली तरी पुस्तिका उघडली जाईलच असे नाही, कारण प्रकरणांची नावेही तितकीच परकी असू शकतात. ‘व्यवहार नोंदणी मॉड्यूल’ हे नाव सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या डोक्यातले आहे. काउंटरवरच्या माणसाच्या डोक्यात ‘कर्जाचा हप्ता जमा करून घेणे’, ‘रक्कम चुकीच्या खात्यावर चढली’, ‘आजची किर्द जुळत नाही’, ‘तेरीज पत्रकात (म्हणजे सर्व खात्यांच्या जमा-नावे रकमांच्या ताळ्यात) तफावत येते’ हे विषय असतात. ज्या फोनांना आपण कंटाळला आहात, तेच येथे उपयोगी पडतील. महिनाभर आलेला प्रत्येक प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्या आणि वारंवार आलेल्या प्रश्नांनाच प्रकरणांची नावे करा. नंतर हे सॉफ्टवेअर कधी न वापरलेल्या एखाद्या कर्मचाऱ्याच्या हाती नवी प्रकरणे देऊन त्याच्या मागे गप्प बसा. गप्प बसणे हेच अवघड आहे, कारण तो चुकीच्या बटणाकडे जाताना जीभ शिवशिवते. पण तो जेथे थबकतो, मागचे पान उलटतो किंवा आपल्याकडे वळून पाहतो, तीच वाक्ये पुन्हा लिहायची आहेत.

प्रश्न : पुस्तिकेत ‘करा’ लिहिले, तर आमचे वरिष्ठ ते ‘करावे’ असे दुरुस्त करतात. ज्येष्ठ कर्मचाऱ्यांना ‘करा’ म्हणणे उद्धटपणाचे वाटते, असे त्यांचे म्हणणे आहे. (एक वाचिका, ठाणे)

उत्तर : ‘करा’ हे आदरार्थी रूपच आहे, उद्धट वाटले असते ते ‘कर’. आपले वरिष्ठ ज्या परंपरेतून बोलत आहेत ती मात्र खरी आहे. शासकीय परिपत्रके ‘सादर करावे’ म्हणतात आणि पाककृतींमध्येही पिढ्यान्‌पिढ्या ‘चवीपुरते मीठ घालावे’ असेच छापून येत आहे. फरक वाचण्याच्या पद्धतीत आहे. पाककृती आपण आधी पूर्ण वाचतो आणि मग ओट्यापाशी उभे राहतो. पुस्तिका वाचणाऱ्याचा एक हात माउसवर असतो. शिवाय ‘करावे’ हे विध्यर्थी रूप कर्तव्य, सल्ला, इच्छा असे अनेक अर्थ वाहते, त्यामुळे ‘बॅकअप घ्यावा’ हे वाचून तो घेतलाच पाहिजे की घेतलेला बरा, हे कळत नाही. वरिष्ठांपुढे तडजोड म्हणून असे मांडून पाहा : जी पायरी चुकवता येत नाही तेथे ‘करा’, आणि जेथे खरोखर सल्ला द्यायचा आहे तेवढ्याच ठिकाणी ‘करावे’. ‘आपण करू शकता’ हे तिसरे रूप मी तर हद्दपारच करीन. पावती छापल्याशिवाय सभासद काउंटरवरून हलणार नसताना ‘आपण पावती छापू शकता’ असे लिहिण्यात काय अर्थ आहे?

प्रश्न : इंग्रजी शब्द किती ठेवावेत? ‘फाइल’ की ‘संचिका’? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ‘फाइल’. शिवकाळातील राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवले, तो प्रयत्न मोठाच होता; तरीही जमा, रक्कम, तारीख आणि हप्ता आज साडेतीनशे वर्षांनंतरही पतसंस्थेच्या काउंटरवर ठाण मांडून आहेत. म्हणून माझी कसोटी उगमाची नाही, वापराची आहे. जमा-नावे, किर्द, खतावणी (खातेवार नोंदींची वही), थकबाकी हे शब्द कामात रुळलेले असताना ‘क्रेडिट-डेबिट’ लिहिण्याचे कारण नाही, आणि ‘फाइल’, ‘प्रिंटर’, ‘पासवर्ड’ रुळलेले असताना त्यांना सोवळे नेसवण्याचेही नाही. एका कृतीला मात्र एकच शब्द हवा. एका पानावर ‘जतन करा’, दुसऱ्यावर ‘साठवा’ आणि तिसऱ्यावर ‘सेव्ह करा’ असे आले, तर वाचणाऱ्याला त्या तीन वेगळ्या गोष्टी वाटतात. शालेय निबंधात पुनरुक्ती टाळण्याची लागलेली सवय येथे विसरावी.

याच संदर्भात ‘रद्द करा’ या शब्दाकडे लक्ष वेधतो. ‘ही पावती रद्द करायची आहे का?’ असे विचारून खाली ‘ठीक आहे’ आणि ‘रद्द करा’ अशी दोन बटणे देणारी चौकट अनेकांनी पाहिली असेल. दुसरे बटण पावती रद्द करते की रद्द करण्याचा विचार रद्द करते, हे पुस्तिकेत दोन परिच्छेद लिहून समजावण्यापेक्षा बटणांवरच ‘पावती रद्द करा’ आणि ‘मागे जा’ असे लिहावे आणि ते दोन परिच्छेद वाचवावेत.

प्रश्न : पुस्तिकेतील आकडे देवनागरी असावेत का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : वाचायच्या मजकुरात अवश्य असावेत. स्क्रीनवर टाइप करायच्या उदाहरणात मात्र स्क्रीन जे स्वीकारते तेच छापावे, कारण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या सार्वत्रिक संकेतप्रणालीत, देवनागरी आणि इंग्रजी आकड्यांचे संकेतांक वेगळे आहेत आणि एखादा रकाना फक्त इंग्रजी आकडेच घेत असेल तर ‘५००’ ही रक्कम त्याला रक्कम वाटणारच नाही. तारखांबाबत अधिक जपावे. ‘०३/०४’ ही आपल्याला ३ एप्रिल वाटते, पण अमेरिकी पद्धतीवर ठेवलेला संगणक ती ४ मार्च समजतो, आणि आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपत असल्यामुळे ती नोंद थेट मागच्या वर्षात जाऊन बसते. म्हणून उदाहरणासाठी नेहमी बारापेक्षा मोठा दिवस निवडावा. ‘२५/०४’ मध्ये दिवस कोणता आणि महिना कोणता, हे वेगळे सांगावे लागत नाही.