नॅनो झिंक जंतू मारतं म्हणजे नक्की काय करतं?

प्रश्न : आम्ही रावेरला केळीच्या कटाईवर असतो, विळा लागतोच. झिंक ऑक्साईडचं पांढरं मलम नेहमी घरात असतं. आता ‘नॅनो’ झिंक जंतू मारतं म्हणतात, तर नॅनोत असं वेगळं काय?

उत्तर : दादा, वस्तू तीच, फक्त दाणा बारीक. १ सेंटिमीटरचा ठोकळा घ्या, त्याच्या सहाही बाजूंचा बाहेरचा भाग मिळून ६ चौरस सेंटिमीटर. त्याचेच १० नॅनोमीटरचे (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) तुकडे केले तर तो भाग ६०० चौरस मीटर होतो, म्हणजे आपले जवळपास ६ गुंठे! आणि जंतूशी गाठ पडते ती याच पृष्ठभागाची.

मग होतं काय, की दाणे जंतूच्या आवरणाला चिकटतात, ते फाटायला लागतं, शिवाय झिंकचे आयन (विद्युतभार असलेले सूक्ष्म कण) सुटून आत शिरतात आणि जंतूच्या एन्झाइमची, म्हणजे त्याच्या आतल्या रासायनिक क्रिया चालवणाऱ्या प्रोटीनची, कामं बिघडवतात, आणि ऑक्सिजनची अतिशय तापट रूपं तयार होऊन प्रोटीन, डीएनए सगळ्यालाच मार देतात.  एकाच वेळी इतक्या बाजूंनी हल्ला म्हणून जंतूला पळवाट काढणं अवघड जातं, पण अशक्य नाही हां.

एक कळकळीनं सांगतो, नॅनो पावडर कुठून आणून जखमेवर टाकू नका, जास्त झाली तर आपल्या पेशींनाही तोच मार बसतो. विळा लागला की आधी साबण-पाण्यानं धुवा, केळीचा चीक धुऊन जाऊ द्या, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा.