डेंग्यूचा ताप उतरल्यावर पायांतली शक्ती जाऊ शकते का?

होय, पण क्वचितच. ताप ओसरल्यानंतर आठवडा-दोन आठवड्यांनी तळपायांना मुंग्या येऊन अशक्तपणा पायांकडून वर चढू लागला, जिना चढता येईना किंवा बसलेल्या जागेवरून उठता येईना, तर गियाँ-बारे सिंड्रोमची शंका घ्यावी लागते. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते आणि श्वासाचे स्नायूही सापडू शकतात, म्हणून रुग्णाला दाखल करून घेतात. मात्र तापातच अचानक हातपाय लुळे पडले, तर आधी रक्तातले पोटॅशियम तपासावे, कारण ते घसरले असल्यास योग्य उपचारांनी रुग्ण बहुधा एक-दोन दिवसांत उभा राहतो. असंबद्ध बोलणे, झटके किंवा गुंगी ही मेंदूवरील परिणामाची लक्षणे असून, जागतिक आरोग्य संघटनेच्या 2009 च्या वर्गीकरणानुसार असा रुग्ण तीव्र डेंग्यूत मोडतो. नागपुरात पावसाळ्यानंतर असे काही दिसल्यास ‘तापाची कमजोरी आहे’ म्हणून घरी थांबू नये, केवळ प्लेटलेटच्या आकड्यावरही विसंबू नये, न्यूरॉलॉजिस्टला दाखवावे. आणि उन्हाळ्यापासून खिडकीत तसाच राहिलेला कूलर आजच रिकामा करून, टाकीच्या कडा घासून कोरड्या कराव्यात, कारण डासाची अंडी तिथेच चिकटलेली असतात.