कॉम्बिनेशन गाडी घेतलीस? आधी मागचा भाग बघ

मित्रा, तुला 1959 ची मिलर-मीटिअर, म्हणजे कॅडिलॅकवर बांधलेली शववाहिका आणि अ‍ॅम्ब्युलन्स अशी दुहेरी (कॉम्बिनेशन) गाडी मिळाली, फार आनंद झाला! इंजिनाची चिंता सोड. ते कॅडिलॅकचं 390 घनइंची व्ही-8 आहे, सुटे भाग मिळतात. खरी कसोटी मागे आहे. बॉडी कॅडिलॅककडे नाही, तर मिलर-मीटिअर कंपनीत, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या पिक्वा गावी बनायची, त्यामुळे मागच्या काचा, दारं, पत्रा साध्या कॅडिलॅकचे बसत नाहीत. काच फुटलेली असेल तर तशीच दुसरी मिळवणं सोपं नाही, हे ध्यानात ठेव.

अमेरिकेतल्या लहान गावांत अंत्यविधी करणारेच अ‍ॅम्ब्युलन्सही चालवत, म्हणून ही एक गाडी दोन कामांची. गाडीच्या मागच्या भागातल्या जमिनीत बसवलेले रोलर नीट बघ: शवपेटी सरकवायची असली की वर, उलटे केले की स्ट्रेचरसाठी सपाट जमीन. मी माझे गंजलेले रोलर भंगारात दिले आणि तसेच परत मिळवायला दोन वर्षं गेली. तू एकही स्क्रू टाकू नकोस, डब्यात घालून चिठ्ठी लाव.

मागच्या दाराच्या रबरातून पाणी झिरपतं. जमिनीवरचं लिनोलियमचं आच्छादन उचल, प्लायवूडला स्क्रूड्रायव्हर टोचून बघ. आत रुतला तर लाकूड कुजलंय.

आणि ब्रेक! चारही चाकांना मिळून ब्रेकच्या तेलाचं सर्किट एकच, गाडी अवजड. मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की तेल ढकलणारा भाग) आणि तेलाच्या रबरी नळ्या बदलल्याशिवाय गल्लीतसुद्धा फिरवू नकोस.