सन्मान करायचा म्हणजे नेमके काय करायचे?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

पाळक (ख्रिस्ती धर्मगुरू), मार्गदर्शक आणि मंडळीतील (म्हणजे चर्चमधील) एकमेकांचा आदर या विषयावर आलेल्या पत्रांतून काही प्रश्न निवडले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या पाळकांच्या सेवेला २५ वर्षे होत आहेत. जाहीर सन्मान करावा असे निम्म्या मंडळीला वाटते. बाकीचे म्हणतात, गौरव फक्त देवाचा, माणसाचा नव्हे. कोणाचे बरोबर?

गौरव देवाचा, हे खरेच. लुस्त्र शहरात लोक प्रेषित पौल आणि त्याचा सहकारी बर्णबा यांना देव समजून बळी द्यायला निघाले, तेव्हा दोघांनी आपली वस्त्रे फाडून त्यांना थांबवले (प्रेषितांची कृत्ये १४). पण तोच पौल आपला सहकारी एपफ्रदीत याच्याबद्दल फिलिप्पैकरांना लिहितो की अशा माणसांना मान द्या, कारण ख्रिस्ताच्या कामासाठी तो मरणाच्या दारापर्यंत गेला होता (फिलिप्पै २:२९-३०). म्हणजे उपासनेला मनाई आहे, सन्मानाला नाही.

सन्मान कसा करावा, याचा उत्तम नमुना रोमकरांस पत्राच्या १६व्या अध्यायात आहे. तिथे पौल पंचवीसहून अधिक माणसांची नावे घेतो आणि अनेकांच्या नावापुढे त्यांचे काम सांगतो. प्रिस्का आणि अक्विला यांनी त्याच्या जिवासाठी आपली मान धोक्यात घातली. पर्सिसने प्रभूमध्ये पुष्कळ श्रम केले. फिबी अनेकांना आणि स्वतः पौलालाही साहाय्य करणारी होती. रूफाची आई पौलालाही आईसारखी होती. यात ‘महान’, ‘थोर’, ‘अद्वितीय’ असले शब्द फारसे नाहीत. आहे ते नाव, काम, आणि त्या कामाचा कोणाला उपयोग झाला ते.

तुमचा कार्यक्रमही असाच आखा. पाहुण्यांची लांबलचक भाषणे नकोत. मंडळीतल्याच चार जणांनी प्रत्येकी तीन मिनिटे बोलावे आणि प्रत्येकाने एकच प्रसंग सांगावा. आजारपणात पाळक ज्याच्या उशाशी बसले तो, ज्या दोन भावांचा अबोला त्यांनी सोडवला त्यांच्यापैकी एक, ज्याला त्यांनी शास्त्र वाचायला शिकवले तो, अशी माणसे शोधा. प्रसंग खाजगी असेल तर संबंधितांची परवानगी आधीच घ्या. आजार आणि घरातले तंटे न विचारता व्यासपीठावरून सांगितले गेले की सन्मानाच्या दिवशीच कोणाची तरी मान खाली जाते. पाळकांच्या पत्नीचे आणि मुलांचे नाव घ्यायला विसरू नका, कारण या सेवेचा भार त्यांनीही उचललेला असतो. पुढच्या खुर्च्या देणगीदारांसाठी राखून ठेवू नका. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय नेमक्या याच चुकीबद्दल बोलतो. शेवट आभाराच्या प्रार्थनेने करा, म्हणजे गौरव कोणाचा हा प्रश्नही आपोआप सुटेल.

प्रश्न : मी मंडळीचा खजिनदार आहे. १ तीमथ्य ५:१७ मध्ये चांगला अधिकार चालवणाऱ्या वडिलांना (मंडळीच्या पुढाऱ्यांना) ‘दुप्पट सन्मान’ योग्य आहे असे म्हटले आहे. याचा अर्थ दुप्पट पगार असा घ्यायचा का?

पैसा त्यात आहे, आकडा नाही. याच अध्यायात आधी विधवांचा सन्मान करायला सांगितले आहे आणि तिथे अर्थ उघडच त्यांच्या पोटापाण्याची सोय असा आहे. लगेच १८व्या वचनात मळणी करणाऱ्या बैलाला मुसके न बांधण्याचा नियम आणि मजूर आपल्या मजुरीस योग्य आहे हे वचन येते. म्हणून वडिलांना आदरही हवा आणि उपजीविकाही हवी. नुसत्या शब्दांवर भागवू नये. पण कोणाच्या पगाराच्या दुप्पट, हे पौलाने सांगितलेले नाही, त्यामुळे वचनातून पगाराची रक्कम काढायला जाऊ नका.

खजिनदाराच्या हातात असलेल्या गोष्टी अशा : वेतन लेखी ठरवा आणि ठरलेल्या तारखेला द्या. वर्षातून एकदा महागाई आणि कुटुंबाच्या गरजा पाहून त्याचा आढावा घ्या आणि तो विषय तुम्हीच काढा. पाळकाला स्वतःचा पगार मागावा लागणे ही मंडळीची नामुष्की आहे. गरजा पाळकांना विचारून घ्या, पण निर्णय त्यांच्या गैरहजेरीत करा, म्हणजे सभासद मोकळेपणाने बोलतील. आठवड्याची सुट्टी, आजारपणाची सोय, निवृत्तीनंतरची तरतूद आणि अभ्यासासाठी वेळ हेही त्यात धरा. वाढदिवसाला मोठी भेट आणि वर्षभर थकलेले वेतन, असा प्रकार बऱ्याच ठिकाणी चालतो. भेटीने थकबाकी फिटत नाही.

आणखी एक. अर्पण मोजायला नेहमी दोन माणसे बसवा, ती एकाच घरातली नसावीत, आणि पाळक त्यात नसावेत. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी नेताना पौलाने इतर विश्वासू भावांना सोबत घेतले, कारण प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही व्यवहार चोख असावा असे त्याला वाटत होते (२ करिंथ ८:१८-२१). पुढाऱ्याला संशयाच्या जागी उभे न करणे हाही त्याचा सन्मानच.

प्रश्न : एका पुढाऱ्याच्या वागणुकीबद्दल आणि हिशेबाबद्दल विचारले की ‘माझ्या अभिषिक्तांस हात लावू नका’ हे वचन ऐकवून गप्प केले जाते. प्रश्न विचारणे हा अनादर आहे का?

नाही. हे वचन स्तोत्र १०५ मधले आहे. अब्राहाम, इसहाक आणि याकोब परदेशी म्हणून भटकत होते तेव्हा देवाने राजांना त्यांना इजा करण्यापासून कसे रोखले, ते तिथे सांगितले आहे. पुढाऱ्याला हिशेब विचारू नये, असे ते म्हणत नाही. दावीदाने अभिषिक्त राजा शौलावर हात टाकला नाही हे खरे. पण झग्याचा कापलेला तुकडा हातात धरून सर्वांदेखत त्याने शौलाला त्याचा अन्याय सांगितला आणि त्याच्या तावडीपासून दूरच राहिला (१ शमुवेल २४). पुढे दावीद स्वतः चुकला तेव्हा संदेष्टा नाथान त्याच्यासमोर उभा राहिला. अंत्युखियात पौलाने पेत्राला तोंडावर विरोध केला (गलती २:११). याजक एलीने आपल्या मुलांना बोल लावले, पण त्यांना आवरले नाही, आणि तू माझ्यापेक्षा आपल्या मुलांचा मान अधिक राखतोस असे देवाने त्यालाच सुनावले. खोटा आदर मंडळीला किती महागात पडतो हे त्या घराण्याच्या शेवटावरून कळते.

मात्र प्रश्न विचारण्याची रीत आहे, आणि ती पाळली नाही तर खरा प्रश्नही वाया जातो.

आधी बाब कोणती ते ठरवा. पाळकांचे बोलणे तुटक वाटते, उपदेश लांबतो, ही तक्रार वेगळी. पैसा, शिकवण किंवा उघड पाप ही वेगळी. गुन्हा तर पूर्णपणे वेगळा, त्याबद्दल खाली लिहिले आहे. दुसऱ्या प्रकारची बाब असेल तर कागदावर तीन गोष्टी लिहा : मी स्वतः काय पाहिले, केव्हा, आणि तिथे आणखी कोण होते. ऐकीव गोष्टी बाजूला काढा. मग मत्तय १८:१५ प्रमाणे एकट्याने भेटा. वडीलधाऱ्याला कठोरपणे न दटावता बापासारखे मानून समजवा, असे १ तीमथ्य ५:१ सांगते, तेव्हा आवाज त्याला साजेसा ठेवा. एका भेटीत एकच मुद्दा घ्या. कागद पाहून उत्तर द्यायला वेळ मागितला तर द्या, पण तारीख ठरवून घ्या. मोबाइलवरच्या संदेशांतून हा विषय काढू नका. त्यातली दोन वाक्ये तासाभरात भलत्यांच्या हाती जातात.

समाधान झाले नाही तर दोन-तीन साक्षीदार. इथे हमखास चूक होते. एकच अफवा ऐकलेली तिघे जण म्हणजे तीन साक्षीदार नव्हेत. ज्याने स्वतः पाहिले किंवा कागदपत्रे स्वतः तपासली तो साक्षीदार. अशा साक्षीशिवाय वडिलांवरचा आरोप दाखल करून घेऊ नको, असे पौल सांगतो (१ तीमथ्य ५:१९). हे पुढाऱ्याचे संरक्षण आहे आणि ते त्याला मिळालेच पाहिजे. त्यानंतर विषय वडीलमंडळापुढे जातो. २१व्या वचनात पक्षपाताला मनाई आहे, म्हणून त्या पुढाऱ्याच्या नातेवाइकाने आणि जिवलग मित्राने निर्णयात बसू नये. तक्रार करणाऱ्याच्या माणसांनीही बसू नये. दोष सिद्ध झाला आणि पाप चालूच राहिले तर सर्वांसमोर कानउघाडणी (५:२०). सिद्ध झाले तेवढेच सांगा. ज्यांना त्रास झाला त्यांची ओळख उघड करू नका. आणि आरोप खोटा ठरला तर तेही तितक्याच जाहीरपणे सांगा. ही शेवटची पायरी बहुतेक ठिकाणी राहूनच जाते, आणि निर्दोष माणूस वर्षानुवर्षे कुजबुज सोसत राहतो.

आता गुन्ह्याबद्दल. मुलांवर अत्याचार, लैंगिक छळ, मारहाण किंवा चोरी असेल तर वरच्या पायऱ्या चढत बसू नका. पीडिताला ‘आधी एकटा जाऊन भेट’ असे कधीही सांगू नका. थेट पोलिसांकडे जा. वाईट करणाऱ्याला शासन करण्यासाठी देवाने अधिकारी नेमले आहेत, हे रोम १३:४ मध्ये स्पष्ट आहे. दोन-तीन साक्षीदारांचा नियम मंडळीच्या न्यायनिवाड्यासाठी आहे. लहान मुलाची तक्रार दाबायला तो वापरणे हा शास्त्राचा दुरुपयोग आहे.

प्रश्न : ज्या बाईंनी मला विश्वासात वाढवले त्यांच्याशी आता शिकवणीच्या काही बाबतींत पटत नाही. मी मंडळीही बदलली. त्यांचा आदर कसा राखू?

इब्री १३:७ मध्ये पुढाऱ्यांच्या वर्तनाचा परिणाम लक्षात आणून त्यांच्या विश्वासाचे अनुकरण करायला सांगितले आहे. त्यांचे प्रत्येक मत उचलायला सांगितलेले नाही. मार्काला सोबत नेण्यावरून पौल आणि बर्णबा यांच्यात कडाक्याचा वाद झाला आणि ते वेगळे झाले. तरी पुढे करिंथकरांना लिहिताना पौल बर्णबाचे नाव आपल्या बरोबरीचा सेवक म्हणून घेतो (१ करिंथ ९:६).

मंडळी बदलल्याचे त्यांना दुसऱ्याकडून कळले असेल तर आधी स्वतः जाऊन बोला. मग एक पत्र लिहा, त्यात फक्त आभार. काय शिकवले ते नेमके लिहा : कोणते वचन, कोणती सवय, आज ती तुमच्या कोणत्या कामी येते. मतभेद या पत्रात घालू नका. आभाराच्या पोटात हरकत आली की वाचणाऱ्याला फक्त हरकतच दिसते. त्यांनी विचारले तर ते बोलणे वेगळ्या वेळी, समोरासमोर करा. आणि नव्या मंडळीत त्यांच्याविषयी काय बोलता तिकडे लक्ष ठेवा, कारण आदर तिथेच आधी सुटतो.

बाई वयस्कर असतील तर त्यांच्याकडे जाणे ठरवून ठेवा, महिन्यातला एक दिवस पक्का करा. अनेसिफराने रोममध्ये कसून शोध घेऊन तुरुंगातल्या पौलाला गाठले, त्याच्या बेड्यांची लाज धरली नाही (२ तीमथ्य १:१६-१७). मोठे नाव असलेल्या गुरूकडे सगळेच जातात. काम थांबलेल्या, विस्मरणात गेलेल्या गुरूकडे जाणारे थोडे.

प्रश्न : आमच्या बारा जणांच्या अभ्यासगटात दर आठवड्याला एकाचे कौतुक करायचे ठरले. दोन महिन्यांत ते कृत्रिम वाटू लागले. कुठे चुकले?

बहुधा तुम्ही गुणांचे कौतुक करत आहात. ‘तू फार प्रेमळ आहेस’ हे बारा वेळा ऐकले की त्यात काही उरत नाही. ‘मंगळवारी माझ्या मुलीला दवाखान्यात नेलेस, म्हणून मला कामावर जाता आले’ हे मात्र लक्षात राहते. नियम करा की केलेले काम सांगितल्याशिवाय विशेषण वापरायचे नाही.

ज्याची पाळी त्याचे नाव आठवडाभर आधी सांगा, म्हणजे इतरांना आठवायला वेळ मिळेल. दोघांनीच बोलावे, सगळ्यांवर सक्ती नको. एकूण वेळ दहा मिनिटे. पाळ्यांची यादी लिहून ठेवा, नाहीतर बोलक्या माणसांचीच नावे पुन्हापुन्हा येतात. कमी मान असलेल्या अवयवांना देवाने अधिक मान दिला आहे (१ करिंथ १२:२२-२४). म्हणून खुर्च्या मांडणारा, भांडी धुणारा, उशिरापर्यंत थांबून कुलूप लावणारा यांच्यापासून सुरुवात करा. ज्याचे कौतुक झाले त्याच्यावर त्याच बैठकीत नवे काम टाकू नका, तसे एकदा जरी झाले तरी पुढच्या प्रत्येक कौतुकाचा संशय येतो. आणि रोम १२:१० प्रमाणे मान देण्यात एकमेकांच्या पुढे जायचे असेल तर फक्त बैठकीवर थांबू नका. दुसऱ्याचे वाक्य पुरे होऊ देणे, त्याची कल्पना त्याच्या नावाने मांडणे आणि गैरहजर माणसाची थट्टा न करणे यांचा परिणाम त्या दहा मिनिटांपेक्षा जास्त होतो.

प्रश्न : आदर मनातून वाटतच नसेल तर तो दाखवणे ढोंग नाही का?

‘सर्वांना मान द्या’ आणि ‘राजाला मान द्या’ ही आज्ञा पेत्राने रोमी सम्राटाच्या राज्यात राहणाऱ्यांना दिली (१ पेत्र २:१७). सम्राट आवडायला हवा, अशी अट त्यात नाही. सभ्य भाषा, रास्त सूचनेचे पालन आणि त्या माणसासाठी प्रार्थना, एवढे भावना नसतानाही प्रामाणिकपणे करता येते. न वाटणारी स्तुती मात्र करू नका. ढोंग ते असेल.

प्रश्न : मंडळी माझा सन्मान करणार आहे. संकोच वाटतो. नकार द्यावा का?

देऊ नका. पेत्राने पाया पडलेल्या कर्नेल्याला उठवले, ‘मीही मनुष्यच आहे’ असे म्हणाला, आणि तरी त्याच घरच्यांच्या विनंतीवरून तिथे काही दिवस राहिला (प्रेषितांची कृत्ये १०). स्वीकारा आणि एक-दोन मिनिटांत आभार माना. सोबत काम केलेल्या दोघांची नावे त्यांच्या कामासह घ्या. दुसऱ्याने केलेल्या कामाचे श्रेय चुकून तुम्हाला दिले गेले असेल तर तिथेच, त्याच माइकवर दुरुस्त करा. पाकिटातून पैसे मिळाले तर त्याच दिवशी खजिनदाराला कळवा आणि त्याची नोंद झाली की नाही ते पाहा.