वाचक विचारतात: ऑपेराच्या बायका आणि गार्सियांचं घराणं

प्रश्न: ताई, नातीने यूट्यूबवर ऑपेरा लावून दिला. एवढं मोठं थिएटर, पुढे अख्खा वाद्यवृंद आणि ती बाई माईकशिवाय गातेय! यांच्यातही आपल्यासारखी घराणी असतात का हो? जुन्या गायिकांबद्दल काही सांगा ना. – एक आजी, कोथरूड

आजी, माईकचं आधी उरकते. तालीम झालेल्या आवाजात ३००० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला ३००० कंपनांच्या) आसपास एक जोर तयार होतो, वाद्यवृंदाचा मुख्य जोर असतो ५०० च्या आसपास, म्हणून गळा वाद्यांखाली दबत नाही, आणि अगदी वरच्या स्वरांना तर एवढ्याचीही गरज पडत नाही.

आता घराणं. आहे की, आणि माझं सगळ्यात लाडकं म्हणजे गार्सियांचं. बाप मॅन्युएल गार्सिया, स्पॅनिश गायक, १८१६ ला रोममध्ये संगीतकार रोसिनीचा 'बार्बर ऑफ सेव्हिल' हा ऑपेरा पहिल्यांदा झाला तेव्हा त्यातला काउंट हाच. घरात तालीम अशी कडक की विचारू नका, मुलीवर हातसुद्धा उचलायचा म्हणतात. ती मुलगी मारिया, १८२५ मध्ये सतराव्या वर्षी लंडनला स्टेजवर उभी राहिली आणि त्याच वर्षी बापाने सगळं कुटुंब जहाजात घालून न्यूयॉर्कला नेलं, तिकडच्या लोकांनी इटालियन भाषेतला ऑपेरा पहिल्यांदा ऐकला तो यांच्याकडून. तिथेच तिने तिच्याहून खूप मोठ्या एका व्यापाऱ्याशी लग्न केलं, त्याचं दिवाळं निघालं, ती एकटीच पॅरिसला परत आली पण आडनाव त्याचंच राहिलं, मालिब्रान. मग सगळ्या युरोपात नुसता मालिब्रान मालिब्रान गजर. १८३६ च्या जुलैत घोड्यावरून पडली, पोटात बाळ होतं, तरी दुखणं लपवून गात राहिली आणि सप्टेंबरात मँचेस्टरच्या संगीत महोत्सवात गाऊन तिथेच गेली. वय २८. मला तर हे वाचताना तिचा रागच येतो, अगं बस ना जरा घरी!

धाकटी पोलिन तिच्याहून तेरा वर्षांनी लहान. हिला व्हायचं होतं पियानिस्ट, शिकली साक्षात फ्रान्झ लिस्ट या नामांकित पियानिस्टकडे, पण आई म्हणाली तू गायचंस, विषय संपला. ही पोलिन व्हियार्दो १९१० पर्यंत जगली, गायली, शिकवलं, स्वतः ऑपेरे लिहिले, आणि १८५५ ला मोझार्टच्या 'डॉन जोव्हानी' या ऑपेराचं मूळ हस्तलिखित विकत घेऊन घरात देवासारखं जपलं.

आणि या दोघींचा थोरला भाऊ, बापाच्याच नावाचा मॅन्युएल. याचा स्वतःचा आवाज चालला नाही म्हणून मास्तर झाला. १८४१ ला त्याच्याकडे स्वीडनची जेनी लिंड आली, विशीतली पोरगी, नाटकं करकरून गळा पार बसलेला. याने सांगितलं, आधी काही आठवडे गप्प बस, मग बघू. (आपल्या रिअॅलिटी शोवाल्या आईबापांना कोणीतरी हे सांगा प्लीज.) पुढे १८५४ मध्ये याच माणसाने दाताच्या डॉक्टरांचा छोटा आरसा घशात धरून, दुसऱ्या आरशाने ऊन आत पाडून स्वतःच्या स्वरतंतू हलताना बघितल्या. आज ईएनटीवाले घशात आरसा घालून बघतात ना, त्याची सुरुवात एका गाण्याच्या मास्तरने केलीय! त्याची शिष्या मातिल्डे मार्केसी आणि मार्केसीची शिष्या ऑस्ट्रेलियाची नेली मेल्बा, ती पीच मेल्बा आइस्क्रीमवाली. म्हणजे सरळ गुरु-शिष्य परंपराच. आपल्याकडे सुरेशबाबू, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे अशी भावंडं एका घरात झाली, तसंच हे समजा.

प्रश्न: आपल्याकडे बालगंधर्व स्त्रीपार्ट करायचे. तिकडे बायकांना स्टेजवर परवानगी होती का? – सदाशिव पेठेतून एक वाचक

गावागणिक वेगळं. व्हेनिसमध्ये १६३७ ला तिकीट काढून बघायचा ऑपेरा सुरू झाला तेव्हापासून बायका होत्याच. पोपच्या रोममध्ये मात्र बंदी, तिथे बायकांची कामं कास्त्राती करायचे, म्हणजे आवाज फुटू नये म्हणून लहानपणीच ज्यांचं खच्चीकरण केलं असे पुरुष. त्यामुळे गंधर्वांशी याची तुलना नका करू, तो प्रकार फार क्रूर होता. उलटंही व्हायचं बरं का, बायका पुरुषपार्ट करायच्या, वरची पोलिन १८५९ मध्ये पॅरिसला ऑर्फियस, म्हणजे ग्रीक पुराणातला गायक, झाली आणि लोक वेडे झाले.

प्रश्न: पैसे मिळायचे का त्या काळी बाईला? – पौड रोडवरून एक कॉलेजकुमार

मिळायचे काय, वाजवून घ्यायच्या! जेनी लिंडने १८५० च्या अमेरिका दौऱ्यासाठी बार्नम नावाच्या तिकडच्या तमाशे-कार्यक्रम भरवणाऱ्याशी करार केला तो कार्यक्रमाला हजार डॉलर, असे १५० कार्यक्रम. आणि अॅडेलिना पॅटी ही गायिका तर बिदागी हातात पडल्याशिवाय स्टेजवर पाऊल ठेवत नसे. तिच्या मॅनेजरने आठवणींत लिहिलंय की एकदा हजार पौंडांतले ८०० च जमले, तर बाईसाहेबांनी सगळा वेश केला पण बूट घातले नाहीत. थोडे अजून आले, एक बूट चढवला. उरलेले आले तेव्हा दुसरा. किस्सा थोडा तिखटमीठ लावलेला असेल, पण मला तरी बाई आवडली.

ऐकायचंच असेल तर पॅटीच्या रेकॉर्ड नेटवर मिळतात, १९०५ मध्ये वेल्समधल्या तिच्या वाड्यावर जाऊन केलेल्या, वय तेव्हा ६२. रेकॉर्ड करणारा फ्रेड गायसबर्ग म्हणजे १९०२ ला कलकत्त्यात गौहरजानचं गाणं रेकॉर्ड करणाराच. खरखर फार आहे, हेडफोन लावा. मालिब्रानचं काही शोधू नका, ती गेली तेव्हा ग्रामोफोन यायला अजून पन्नास वर्षं होती.