तीनला देतोस का?

भावा, 8,000 ला ऑनलाइन विकायला टाकलेली सायकल कुणी 'तीनला देतोस का?' म्हणून मागितली तर चिडून उत्तर देऊ नकोस. 'तीनला परवडत नाही, सातच्या खाली येणार नाही,' एवढं लिही आणि थांब. वस्तू न बघताच भाव पाडणाऱ्याशी घासाघीस नको. दसरा चौकात ये, चालवून बघ, मग बोलू म्हणायचं. मागचं टायर गुळगुळीत झालंय ना? फोटोतच दाखव, म्हणजे समोर आल्यावर त्यावरून पाचशे कापायला जागा राहत नाही. एकाला शब्द दिलास की जास्त देणारा आला तरी फिरू नकोस, हे मी फार मानतो. आणि पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. पिन टाक म्हणाला की व्यवहार तिथंच तोड.